आठवा गडी

वाचकहो, परदेशी स्थायिक झालेल्या लेकीकडे किंवा लेकाकडे चार-सहा महिने राहून येणे, हा आता आपल्यापैकी अनेकांच्या उतारवयाचा एक भागच झाला आहे. तेथील उंच इमारती, धबधबे आणि समुद्रकिनारे यांची वर्णने तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. मी आज तुम्हाला अशा भागात नेणार आहे, जेथे पर्यटक सहसा फिरकत नाहीत. तेथे मी प्रवासी म्हणून गेलो आणि तिसऱ्याच दिवशी माझ्यातला डॉक्टर जागा झाला.

अमेरिकेच्या नकाशाच्या जवळजवळ मध्यावर नेब्रास्का नावाचे राज्य आहे. ओमाहाच्या विमानतळावर उतरून पश्चिमेकडे निघाले की तासाभरात लिंकन ही राजधानी लागते आणि तेथून पुढे दृष्टी पोहोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. सप्टेंबर अखेरीस मका वाळून पिवळा पडलेला असतो आणि वारा सुटला की त्याची कोरडी सळसळ मोटारीच्या बंद काचांतूनही ऐकू येते. दर दहा-पंधरा मैलांवर धान्य साठवण्याचे उंच मनोरे दिसतात. मनोरा दिसला की समजावे, गाव आले. माझी थोरली बहीण, आमची ताई, आपल्या मुलीकडे अशाच एका गावात राहते. भाची तेथील औषधालयात काम करते. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण इतक्या लहान गावात एका मुलाची ओळख लपत नाही आणि ही गोष्ट एका मुलाची आहे.

या राज्यात फुटबॉलचे वेड किती आहे, हे लिंकनच्या विद्यापीठाचे मैदान पाहिले की कळते. १९६२ पासून तेथील प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. सामन्याच्या दिवशी हे मैदान म्हणजे राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे लोक कौतुकाने सांगतात. हा फुटबॉल मात्र आपल्या कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळला जातो तो नव्हे. त्याला ते ‘सॉकर’ म्हणतात. यांचा फुटबॉल अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट आणि जाड गाद्या बांधून खेळण्याचा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगावर झेपावून खाली पाडायचे, हा त्याचा गाभा. आपल्या कबड्डीतील पकड डोळ्यांपुढे आणा, आणि तिच्या मागे पंधरा पावलांची धाव जोडा.

भाचीच्या घरी पोहोचलो त्याच रात्री ताईने मला बाजूला घेतले. “अरे, तू डॉक्टर आहेस. आता तूच सांग, याला खेळू द्यावे की नाही? आई नको म्हणते, पोरगा ऐकत नाही, आणि गावातली माणसे दुकानात येऊन विचारतात, शुक्रवारी तो उतरणार ना?”

‘तो’ म्हणजे तिचा नातू, सोळा वर्षांचा. त्याच्या शाळेच्या संघात हंगामाच्या आरंभी बारा मुले होती. दोघे जायबंदी झाले, एकाला पालकांनी काढून घेतले. उरले नऊ.

नऊ मुलांत अकरांचा संघ कसा होतो, असे तुम्ही विचाराल. होत नाही. म्हणूनच या राज्यात फुटबॉल तीन प्रकारांनी खेळला जातो: मोठ्या शाळांत अकरा जणांचा, लहान शाळांत आठ जणांचा आणि त्याहून लहान शाळांत सहा जणांचा. मैदानही त्या प्रमाणात आखूड. पूर्ण मैदान शंभर यार्ड लांब असते, आठांचे आणि सहांचे ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद.

सहा जणांच्या खेळाचा जन्म याच राज्यातला. १९३४ साली, मंदीच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत, चेस्टर गावातील स्टीफन एप्लर या शिक्षकाने पाहिले की आपल्या शाळेत अकरा खेळाडू जमत नाहीत. त्याने नियम बदलले. त्या सप्टेंबरात शेजारच्या हेब्रन गावी, दिव्यांच्या उजेडात, पहिला सामना झाला. एका बाजूला हेब्रन आणि चेस्टर, दुसऱ्या बाजूला बेल्व्हिडियर आणि अलेक्झांड्रिया, असे दोन-दोन गावांचे जोडसंघ होते. सुमारे हजार माणसे पाहायला जमली आणि सामना १९-१९ असा बरोबरीत सुटला.

एप्लरपुढचा प्रश्न पटसंख्येचा होता. तो अजूनही आहेच. ही चारही गावे ज्या थेयर परगण्यात आहेत, त्याची लोकसंख्या विसाव्या शतकाच्या आरंभी चौदा हजारांच्या वर होती. २०२० च्या शिरगणतीत ती पाच हजारांच्या आसपास भरली. शेतीची यंत्रे मोठी झाली, शेते एकमेकांत मिसळली, माणसे शहरांकडे गेली. आपल्या डोंगराळ तालुक्यांतील कमी पटाच्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

परंतु गेल्या काही वर्षांत त्यात एक दुसरे कारण मिसळले आहे आणि ते माझ्या व्यवसायाच्या कक्षेतले आहे. २००२ साली माइक वेबस्टर हा नामांकित व्यावसायिक खेळाडू पन्नासाव्या वर्षी वारला. अखेरची वर्षे त्याने स्मृतिभ्रंश आणि नैराश्यात काढली होती. बेनेट ओमालू या रोगनिदानतज्ज्ञाने त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार बसलेल्या आघातांमुळे झालेली झीज २००५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडली. ‘सीटीई’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार आज तरी मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निश्चित सांगता येतो. २०१७ साली बॉस्टनच्या संशोधकांनी व्यावसायिक खेळाडूंचे दान केलेले १११ मेंदू तपासले. त्यांपैकी ११० मध्ये तो आढळला. यावरून प्रत्येक खेळाडूला तो होतोच, असा अर्थ काढू नये. ज्यांना त्रास होता, त्यांच्याच कुटुंबांनी बहुधा मेंदू दिले. पण आईबापांच्या काळजात धस्स व्हायला तो आकडा पुरेसा होता.

परिणाम पटावर दिसला. २००८-०९ मध्ये अमेरिकेतील शाळांत अकरा जणांचा फुटबॉल खेळणारी मुले ११ लाख १२ हजारांच्या घरात होती. २०१८-१९ मध्ये ती १० लाख ६ हजारांवर आली. पुढे आकडा थोडा सावरला आहे. देशाच्या हिशेबात ही घट मोठी वाटणार नाही. शंभर मुलांच्या संघातून दहा गेली तर खेळ चालू राहतो. बारांच्या संघातून तीन गेली, की काय होते ते मी त्या शुक्रवारी पाहिले.

शुक्रवारची संध्याकाळ. गावातील दुकाने लवकर मिटली. मैदानाच्या कडेला ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांवर आजी-आजोबा गुडघ्यांवर पांघरुणे घेऊन बसले होते. शाळेतल्या मुली मक्याच्या लाह्या आणि गरम चॉकलेट विकत होत्या. ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ मला म्हणाले, की ते याच मैदानावर खेळले, त्यांचा मुलगा खेळला, नातू आता खेळतो आहे. त्या गावाला देऊळ आणि पार यांच्या जागी काय असेल, तर ते हे मैदान.

समोरचा संघ सव्वीस मुलांचा. यातील विषमता प्रथम माझ्या ध्यानात आली नाही, कारण मैदानात दोन्हीकडे आठच दिसत होते. पण खेळ थांबे तेव्हा त्यांची आठ मुले बाहेर जात आणि ताज्या दमाची आठ आत येत. चढाईला एक तुकडी, बचावाला दुसरी. आमची तीच मुले चढाईला आणि तीच बचावाला. बाहेर एकच मुलगा उभा, नववीतला, इतका किरकोळ की खांद्यांवरच्या गाद्या त्याच्यावर वाळत घातल्यासारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या सत्रात ताईच्या नातवाने एकाला अडवताना डोके आदळून घेतले. तो लगेच उठला, हात वर करून ‘ठीक आहे’ अशी खूणही केली. पायऱ्यांवरील साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने वाजवल्या नाहीत.

“याचे काहीतरी बिनसले आहे,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी खेळ थांबला की हा डाव्या हाताने हेल्मेटचा पट्टा सारखा करतो. आता तीनदा थांबला, याने हात लावला नाही. आणि बघ, तो कोणाकडे बघतो आहे?”

तो कोणाकडेच बघत नव्हता. मी खाली उतरून हद्दीशी उभ्या असलेल्या परिचारिकेला सांगितले. तिने त्याला बाहेर बोलावले आणि साधे प्रश्न विचारले. हे कोणते सत्र? शेवटचे गुण कोणी मिळवले? गेल्या आठवड्यात आपण कोणाशी खेळलो? तिसऱ्या प्रश्नावर तो थांबला, हसला आणि पुन्हा थांबला. तिने काही न बोलता त्याचे हेल्मेट काढून घेतले आणि आपल्या पायांशी ठेवले. हेल्मेट हाती नसले की भावनेच्या भरात मूल पुन्हा मैदानात धावत नाही.

त्याच्या जागी तो नववीतला मुलगा उतरला. त्याच्या समोर बारावीतला, दुप्पट वजनाचा मुलगा होता. त्या मुलानेही दोन-तीन वेळा अंग चोरून घेतले, हे मी पाहिले. पण खेळ तो खेळच. गुणांचे अंतर इतके वाढले की अखेरीस घड्याळ न थांबवता सामना आटोपता घेतला गेला. जिंकलेल्यांच्या चेहऱ्यावरही फारसा आनंद दिसला नाही.

घरी परतताना नातू मागच्या आसनावर बसून रडत होता. डोके दुखते म्हणून नव्हे. “मामाआजोबा, मला कळलं होतं काहीतरी झालंय. पण मी बाहेर आलो असतो, तर त्याला उतरावं लागलं असतं. आणि त्यालाही लागलं असतं, तर आमच्यात आठवा नव्हता.”

वाचकहो, या खेळातील धोक्यांविषयी मी पूर्वी बरेच वाचले होते. पण मुले कमी झाली की उरलेल्यांचा धोका वाढतो, हे गणित त्या रात्री त्या मुलाने मला शिकवले. दमलेली मुले अधिक चुकीच्या रीतीने भिडतात. लहान मुलांना मोठ्यांसमोर उभे राहावे लागते. सरावाला समोर दुसरा संघ नसल्याने अंग शिकलेले नसते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, दुखणे लपवण्याला एक उदात्त कारण मिळते. ते पाहून आणखी एक आई आपल्या मुलाला काढून घेते आणि संघ अजून आटतो. त्या आईला दोष देता येत नाही. माझी भाची तीच आई आहे.

पुढच्या शुक्रवारी आठ मुले भरली नाहीत. संघाने सामना सोडून दिला. त्यामुळे तीस मैलांवरच्या दुसऱ्या गावातील मुलांचाही घरच्या मैदानावरचा सामना बुडाला. त्यांतील बारावीच्या मुलांना तो परत मिळणार नव्हता. एका गावाचा संघ खचला की स्पर्धा दोन गावांची मोडते.

आता वैद्यकीय भाग सांगतो. मेंदूला असा हादरा बसला, ज्याला ‘कन्कशन’ म्हणतात, तर शुद्ध हरपतेच असे नाही. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, शून्य नजर, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, चिडचिड, झोपेत बदल, ही त्याची लक्षणे. स्कॅन बहुधा निर्दोष येतो, म्हणून हादरा बसलाच नाही असे समजू नये. त्या दिवशी पुन्हा खेळणे पूर्णपणे वर्ज्य. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला जीवघेणी सूज येण्याची शक्यता असते. असे प्रसंग विरळा, पण घडलेले आहेत. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा झॅकरी लिस्टेट हादरा बसल्यावर त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि कायमचे अपंगत्व घेऊन जगला. त्याच्या नावाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि पुढे अमेरिकेतील सर्व राज्यांनी या विषयावर कायदे केले.

एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हिंडणे-फिरणे, आधी अभ्यास आणि नंतर खेळ, प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस, त्रास झाला तर पुन्हा खालची पायरी, आणि शेवटी डॉक्टरांची परवानगी. हा क्रम आपल्याकडे क्रिकेटचा चेंडू लागलेल्या किंवा दुचाकीवरून पडलेल्या नातवालाही लागू आहे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट, बोलण्यात अडखळणे, हातापायात अशक्तपणा, जागे करूनही न उठणारी गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

हे सारे मी त्या रात्री नातवाला स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून सांगत होतो. “लपवणे हे शौर्य नव्हे,” असे काहीतरी मी म्हणालो. आमचे बोलणे ऐकत ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली आणि म्हणाली, “मीही पडले होते. तीन आठवडे झाले. न्हाणीघरात. डोके टबच्या कडेला लागले.”

घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ताई पंच्याहत्तरीची आहे. तिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून ती रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते.

“सांगितले का नाहीस?”

“कामाचे दिवस होते. हिला रजा घ्यावी लागली असती. हिच्या दुकानात तरी दुसरे कोण आहे?”

पाहा, तीच भाषा. मी बाहेर पडले तर आठवा गडी नाही. सोळा वर्षांचा मुलगा आणि पंच्याहत्तर वर्षांची बाई एकाच कारणासाठी गप्प राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने तिला पन्नास मैलांवरच्या रुग्णालयात नेऊन स्कॅन करून घेतला. सुदैवाने रक्तस्राव नव्हता. पण तो असू शकला असता. वाढत्या वयात मेंदू किंचित आक्रसतो, कवटीच्या आतील बारीक शिरांवर ताण येतो आणि किरकोळ आघातानेही त्यांतून रक्त झिरपू लागते. ते इतके सावकाश साचते, की लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा दिसतात. तोल जाणे, पाय ओढत चालणे, विसरणे, दिवसा पेंगणे. घरचे म्हणतात, वय झाले. म्हणून माझी कळकळीची सूचना आहे: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, तर काही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ती थांबवल्यानेही पक्षाघाताचा धोका संभवतो.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, ‘आज पडलात का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ताई नातवाच्या पट्ट्याकडे पाहत होती, तसे तुम्ही सवयींकडे पाहा. रोज सकाळी रेडिओ लावणारे वडील आज विसरले का? जिन्याचा कठडा न धरणारी आई आता धरू लागली का? यंत्राच्या आधी कित्येकदा घरच्या माणसाला कळते.

रविवारी आम्ही सारे हेब्रनला गेलो. तेथील उद्यानात एक प्रचंड झोपाळा आहे. जगातील सर्वांत मोठा ओसरीवरचा झोपाळा अशी त्याची ख्याती. शेताला पाणी देणाऱ्या फिरत्या यंत्रणेचा नळ आडवा टाकून त्याला तो टांगला आहे. दीड डझन माणसे त्यावर सहज बसतील. आम्ही पाचच होतो. १९३४ च्या सामन्यातील चार गावांपैकी हायस्कूल आज फक्त याच गावात उरले आहे. ताईने माहेरच्या बंगईची आठवण काढली. नातू काळा चष्मा लावून शांत बसला होता, उजेड अजून सहन होत नव्हता.

“आता तरी सांग,” भाची म्हणाली, “मामा, पुढच्या वर्षी याने खेळावे की नाही?”

मी तिला जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो. एका मुलाचा धोका नेमका किती, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. इतके ठाऊक आहे, की जितकी अधिक वर्षे आघात, तितका धोका अधिक, आणि लहान आघातही जमेस धरावे लागतात. पण खेळ सोडून मूल खोलीत पडद्यापुढे बसले, तर तोही आरोग्याचा लाभ नव्हे. म्हणून प्रश्न ‘खेळावे का’ इतकाच न ठेवता ‘कशा संघात’ असा विचारा. बाहेर येण्याची मोकळीक देण्याइतकी मुले जेथे आहेत, तेथे खेळावे. जेथे एका मुलाच्या डोक्यावर सारे गाव उभे आहे, तेथे नाही. शेजारच्या गावाशी जोडसंघ करा, सहांच्या खेळात उतरा, किंवा अंगावर न झेपावता कमरेची पट्टी ओढून घेण्याचा ‘फ्लॅग’ फुटबॉल खेळा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो येतो आहे. एप्लरने मुलांना मैदानाच्या मापाचे केले नाही. त्याने मैदान मुलांच्या मापाचे केले.

नातू म्हणाला, “जोडसंघ केला तर आमचा गणवेश जाईल, रंग जाईल.” त्याच्या स्वरातील दुःख खरे होते. त्यावर मी काही बोललो नाही.

मी परतलो तेव्हा शाळेचा निर्णय झालेला नव्हता. डिसेंबरात ताईचा फोन आला. दोन्ही गावांच्या पालकांची बैठक झाली होती. काही मंडळी रुसली, पण पुढच्या हंगामापासून एकत्र खेळायचे ठरले. रंगावरून वाद चालू होता. नातवाला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. तो उतरणार की नाही, हे मायलेक मिळून उन्हाळ्यात ठरवणार होते.

मग ताई जरा थांबली. “आणि हे बघ,” ती म्हणाली, “काल अंगणात बर्फावरून पाय घसरला. पडले नाही, खांब धरला. पण सांगून ठेवते. हिलाही सांगितले आहे.”